करकोच्याचा डोळा

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवृत्त झालो त्या दिवशी लेकीने ही डायरी हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर आईचं डोकं खाण्यापेक्षा इथे लिहीत जा." तेव्हापासून कोरीच पडली होती. लिहिणार काय, कपाळ? उठलो, पेपर वाचला, जेवलो, आडवा झालो. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठे दार लागत नाही, कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकलीय, फोन आला की अवजारांची पेटी उचलून निघायचं. आता फोन येतो तोही चुकून लागलेला.

पण आज विषय मिळाला. घरातच एक आजारी यंत्र सापडलंय.

बायकोचं भरतकाम मागच्या खोलीत चालतं. एक मशीन आणि त्याला जोडलेला एक जुनाट कॉम्प्युटर. ती स्क्रीनवर चित्र आखते, सॉफ्टवेअर त्याचे टाके करतं, आणि मशीन ते कापडावर घालतं. हे सॉफ्टवेअर त्या जुन्या सिस्टीमवरच चालतं, नव्यावर सपशेल नकार देतं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलायची सोय नाही. इतकी वर्षं मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. त्या खोलीत कधी बूड टेकलं नव्हतं. आज टेकलं, आणि बघतो तर काय! बटण दाबल्यापासून यंत्र जागं होईपर्यंत बाईसाहेबांनी चहा केला, मला दिला, स्वतः प्यायल्या, कप विसळूनही ठेवले. मग फाइल उघडली तर चित्र एकदम येईना. एकेक टाका, एकेक रेघ, मुंगीच्या चालीने. आणि ही आपली गप्प बसून बघतेय. मांडीवर एक बोट हलतंय, ओठ पुटपुटताहेत. मला अगदी भरून आलं. किती वर्षं अशी ताटकळत बसली असेल बिचारी!

"अगं, हे एवढं हळू?"

"असंच आहे ते. राहू द्या की. मला कुठे घाई आहे?"

ही तिची जुनी खोड. स्वतःसाठी म्हणून कधी काही मागायची नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, या यंत्राला पळायला लावीन तरच नावाचा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई स्वतः घरी आल्या. नाट्यगृहाची डागडुजी संपत आलीय, पंधरा मार्चला पहिला प्रयोग. नवा मखमली पडदा शिवून तयार आहे, मधोमध दुभंगून दोन बाजूंना सरकणारा. दोन्ही भागांच्या मधल्या कडेला एकेक करकोचा हवाय, पडदा बंद झाला की दोघे समोरासमोर यावेत असा. आणि चित्र बायकोनेच काढायचं!

आजवर तिने काय केलं? शाळांचे बिल्ले, टॉवेलांवर नावं, हॉटेलांच्या नॅपकिनवर अक्षरं. सगळं दुसऱ्याने आखून दिलेलं. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, "तुमच्या मनात येईल तसं काढा." बाई गेल्यावर ही कितीतरी वेळ दार लावायलाच विसरली.

गोम एकच आहे. त्या रंगाची मखमल आता बनत नाही. पडदा शिवून उरलेले दोनच लांबट तुकडे आहेत, ते भरून मग पडद्याला जोडायचे. मखमलीत सुई शिरली की भोक राहतं, उसवून पुन्हा घालता येत नाही. म्हणजे एक करकोचा, एकच संधी.

मी म्हटलं, अशा कामाला असलं रडतराऊत यंत्र? छे!

शनिवार, ८ फेब्रुवारी

कॉम्प्युटरची पेटी उघडली. आत धुळीची गोधडी. पंख्याच्या पात्यांना तर लव फुटली होती. ब्रश मारला, फुंकर मारली, शिंका आल्या. बायको दारातूनच म्हणाली, "माझं काही हरवू नका म्हणजे झालं."

लिफ्ट असो की कॉम्प्युटर, नियम एकच. आधी बघायचं, उगाच ओझं कोण वाहतंय. सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली आणि कपाळावर हात मारला. जो स्कॅनर आपण कधीच भंगारात दिला, त्याला हा रोज सकाळी हाका मारत बसतो! तो ओ देत नाही, हा थांबत नाही. एक जुना प्रिंटर, तोही गेलेला. एक हवामान सांगणारं, त्याची कंपनीच उरलेली नाही. सगळ्यांना नारळ दिला.

यंत्र पुन्हा चालू केलं. चहाला उकळी यायच्या आत तयार! मी शीळ घालत स्वयंपाकघरात गेलो. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. किती दिवसांनी शीळ ऐकली."

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दणका बसला. डिस्क साफ करायला घेतली, नको ते फॉन्ट उडवले, वॉलपेपर काढला, सावल्या, सरकणाऱ्या खिडक्या, सगळा नखरा बंद केला. डिस्कवर विखुरलेल्या फाइली एका जागी आणायला लावल्या. ते रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकताना बघण्यात फार मजा आली. मग हात शिवशिवला, आणि सिस्टीमच्या आत चालणारी एक सेवा बंद केली जिचं नाव मला कळलं नव्हतं. निळी स्क्रीन! वर पांढरी अक्षरं, आणि यंत्र ठार.

घाम फुटला हो. तिचा डावा करकोचा आतच होता, मोठ्या कष्टाने आखलेला. ती आली, निळ्या स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या." तीस वर्षं लोक माझ्या भरवशावर विसाव्या मजल्यावर गेले, आणि इथे एक पक्षी मला सांभाळता आला नाही, असं वाटायला लागलं.

जेवण झाल्यावर सेफ मोडमध्ये शिरलो, ती सेवा परत चालू केली. करकोचा जागच्या जागी, पंख पसरून उभा. हुश्श! बायकोने ताबडतोब फाइल उघडून त्याला अखेरपर्यंत नीट येऊ दिलं. मुंगीची चाल तशीच होती. बोट मांडीवर हलत होतं. आणि मला वाटत होतं, थांब, आता हीही कटकट संपवतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फत्ते!

जुन्या वस्तूंच्या दुकानातून जुळणारी रॅम आणली, बसवली. पण खरा चोर वेगळाच निघाला. या कॉम्प्युटरात चित्र दाखवायचं वेगळं कार्ड आहे, आणि त्याला कामाला लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कुणी कधी घातलाच नव्हता. म्हणजे घरात धडधाकट कामगार बसून, आणि सगळा भार एकट्या म्हाताऱ्यावर. लेकीने तिकडून शोधून ड्रायव्हर पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत ना?" म्हटलं, विचारायचं काय त्यात? कुणी लिफ्ट वेगात नको म्हणतं का?

बायकोला बोलावून खुर्चीवर बसवलं. "बघ हं!" क्लिक केलं. करकोचा फाडकन हजर. डोळ्याचं पातं लवायच्या आत चोचीपासून नखांपर्यंत सगळा.

"झालं सुद्धा?" ती म्हणाली.

"झालं सुद्धा!"

"परत एकदा दाखवा ना."

दाखवला. "परत एकदा?" परत दाखवला. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तशी तिची गत झाली, समाधानच होईना. स्क्रीनजवळ डोळे नेऊन बघत होती. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसली. "छानच झालं हो," म्हणाली.

आज मला निवृत्तीचं काहीही वाटत नाही. उलट आधीच व्हायला हवं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

डावा करकोचा मखमलीवर उतरला. तासभर मशीन चाललं, मी एका बाजूला आणि ती एका बाजूला. आधी पाय, मग अंगावरची पिसं, मान, चोच, आणि अगदी शेवटी पिवळा डोळा. डोळा आला आणि पक्षी जिवंतच झाला. मी टाळ्या वाजवल्या. माझी बायको एवढं सुंदर काही करू शकते हे मला साठी उलटल्यावर कळतंय, धन्य माझी.

उजवा तिने याचीच आरशातली प्रत काढून तयार केलाय. म्हणजे आखणीचे कष्ट वाचले.

एक गंमत. आता यंत्र लगेच तयार होतं, त्यामुळे सकाळचा चहा घेऊन तिथे बसायचं काही कारणच उरलं नाही. ती लगेच कामाला लागते, मी स्वयंपाकघरात एकटा पितो. केवढा वेळ वाचला!

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी

बायको दाढ काढायला गेलीय. जाताना चुळबुळ करत होती. "उजवा उद्या घालू या का? मला तो एकदा सावकाश बघायचाय."

"अगं, बघायचं काय त्यात? आरशातलं चित्र, तेच ते. तू येईपर्यंत मी उतरवून ठेवतो. मी आहे ना!"

जरा वेळ दारात घुटमळली, मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर."

मशीन चालू आहे आणि मी शेजारी बसून हे लिहितोय. आणि काय सांगू, याने सुरुवातच डोळ्यापासून केली! पहिल्याच झटक्यात पिवळाधमक डोळा मखमलीवर उघडला. काल त्याच्यासाठी तासभर वाट बघावी लागली होती. माझ्या हाताखाली यंत्रसुद्धा हुशार झालंय. आता चोच चाललीय. येईल तेव्हा तिला चकित करतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आंधळा झाला.

डोळा आधी आला, आणि मग मानेची पांढरी पिसं आली ती त्याच्यावरूनच गेली. माझ्या देखत गेली. मी बघत बसलो होतो. मला वाटलं, पुन्हा वर येईल. तो कुठला वर येतोय!

ती आली तेव्हा गालात कापसाचा बोळा, तोंड बधिर, बोलता येत नव्हतं. मशीनपाशी गेली, मखमल उचलली, आणि डोळा जिथे असायला हवा होता तिथे नुसतं बोट ठेवलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि करकोच्याचं डोकं कुरवाळत राहिली.

दुसरा तुकडा नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी तोंड उघडायला लागल्यावर बोलली. मी सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा माझ्या डोक्यातून जायला नको.

"ते चित्र हळू यायचं ना, तेच मी बघायचे," म्हणाली. "स्क्रीनवर ज्या क्रमाने रेघा पडतात, त्याच क्रमाने मशीन टाके घालतं. आधी काय, मग काय, कशावर काय येणार, सगळं तिथेच कळायचं. आरशाची प्रत काढली की हे सॉफ्टवेअर कधीकधी क्रम उलटा करून ठेवतं. डोळा आधी पडताना दिसला असता तर मी तिथेच थांबवलं असतं."

"आणि मी ते पळवलं."

"हो ना. फाडकन येतो. पूर्ण आल्यावर सगळे पक्षी सारखेच दिसतात."

"म्हणून परत परत दाखवा म्हणत होतीस?"

"काही दिसतंय का बघत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, मग बोलली का नाहीस? दोन शिव्या घालायच्या होत्यास!"

तर म्हणते, "तुम्ही किती खूश होतात. निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून असायचात. मी लेकीलाही सांगितलं, बाबांना ओळखवत नाही म्हणून. मग एक दिवस शीळ ऐकली. म्हटलं, होईल सवय मला. तिथे मीच चुकले."

मी सरळ रडलो. डायरीत लिहायला लाज कसली. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि वर म्हणाली, "त्याचा डोळा झाकला, आता तुमचेही झाकून घेऊ नका. मला एक सुचलंय."

पिसांचे टाके तिथे आहेतच. त्यांच्यावरूनच ती हाताने डोळा भरणार. सुई जुन्याच भोकांतून काढायची, नवं भोक पडू द्यायचं नाही. मी म्हटलं, आधी व्यवस्थापकबाईंना खरं सांगू या. फोन मीच केला. "चूक माझी, तिची नाही," एवढं पहिल्यांदा सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "शुक्रवारी येते. बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दोन दिवस ती खिडकीशी डोळा भरत होती आणि मी आत कॉम्प्युटर हळू करत होतो. जन्मात पहिल्यांदा हे काम केलं. आणि सांगतो, पळवण्यापेक्षा हे अवघड आहे. सॉफ्टवेअरमध्ये टाके एकेक करून दाखवायची काही सोय आहे का ते सगळ्या मेनूंत शोधलं. नाही. ड्रायव्हर काढावा तर अक्षरं एवढाली होतात. ढीगभर खिडक्या उघडून ठेवल्या तर सगळंच अडखळतं, माऊससकट. बायको बाहेरून विचारी, "झालं का हळू?" आणि मला हसू आवरेना.

शेवटी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, आत, आणखी आत, एक सरकपट्टी सापडली. एका टोकाला 'पूर्ण', दुसऱ्या टोकाला 'काही नाही'. चित्राच्या कार्डाने किती मदत करायची ते तिथे ठरतं. मी ती धरून एकदम 'काही नाही'ला नेली. यंत्र सुरू होतं तसंच झटपट, फाइल उघडते झटपट, आणि करकोचा येतो आपला मुंगीच्या चालीने. मी तिला हाक मारली. ती खुर्चीवर बसली आणि बोट आपोआप मांडीवर चालायला लागलं. मध्येच म्हणाली, "हा बघा. डोळा. आत्ता पडला." खरंच की! सगळ्यात पहिला. एवढा ढळढळीत. दुसरं कुणी काही म्हणो, मला त्या क्षणी फार आनंद झाला.

बाई दुपारी आल्या. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले. मी उभाच होतो, हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तसा. बाईंनी चष्मा लावला, डावा बघितला, उजवा बघितला, बराच वेळ बघितला.

"हा उजवा जरा खोडकर दिसतो," म्हणाल्या. "डाव्याकडे बघून काहीतरी म्हणतोय."

"हाताचा डोळा आहे," बायको म्हणाली. "किंचित तिरका झालाय."

"तिरकाच राहू द्या," बाई म्हणाल्या आणि दोन्ही तुकडे स्वतः गुंडाळून घेऊन गेल्या. मी दार लावलं आणि मागच्या खोलीत जाऊन, कुणी बघत नाही असं बघून, जरा नाचलो. बघत होती.

शनिवार, १ मार्च

विशेष काही नाही, पण लिहावंसं वाटलं.

सकाळी चहा घेऊन आम्ही दोघे मागच्या खोलीत बसतो. यंत्र आता लगेच सुरू होतं, म्हणून चहा संपेपर्यंत बटणच दाबत नाही. मग ती फाइल उघडते, रेघा पडायला लागतात, आणि मी तिच्या शेजारी बसून ओळखतो, पुढे काय येणार. बहुतेक चुकतो. काल एका टॉवेलावरच्या जहाजात धूर धुराड्याच्या आधी आला, तो मात्र मी पकडला. "शाबास," म्हणाली. नोकरीत एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणे, "म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी हळूच ठेवलंत?" म्हटलं, तुला नाही कळायचं.

रविवार, १६ मार्च

काल पहिला प्रयोग झाला. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. आत शिरलो तर पडदा बंद, आणि मधोमध आमचे दोघे, चोचीला चोच भिडवून. दिव्यांच्या उजेडात मखमल नुसती झळकत होती. लोक कार्यक्रमपत्रिका वाचत होते, मी उजव्याच्या तिरक्या डोळ्याकडे बघत होतो. तो माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

घंटा झाली, दोघे एकमेकांपासून लांब सरकले, नाटक सुरू झालं. चांगलं होतं म्हणतात. मी आपला पडदा परत कधी पडतो त्याची वाट बघत होतो.

शेवटी तो बंद व्हायला लागला, तर काय सावकाश! दोन्ही बाजूंनी करकोचे डुलत डुलत एकमेकांकडे निघाले. माझे हात शिवशिवले. मोटार दमलीय, पट्टा सैल असणार, वंगण हवंय, कानाला सगळं कळत होतं. बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि तिचं बोट हळूहळू हलत होतं.

बाहेर व्यवस्थापकबाई भेटल्या. बायकोचे दोन्ही हात धरले आणि पुढच्या नाटकाचे पोशाख तिनेच भरायचे म्हणून तिथेच सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही लिफ्टचं काम करायचात ना? तेवढी पडद्याची मोटार बघाल का? फार हळू चालते हो. जरा पळवून द्या."

अवजारांची पेटी घरी होती, नाहीतर तोंडातून 'हो' निघालंच होतं. बायको नुसती बघत होती.

"येतो की," मी म्हटलं. "पण आधी मला एक सांगा. पडदा बंद व्हायला एवढा वेळ लागतो, त्या वेळात तुम्ही मंडळी काय करता?"

आत अजून आवाज चालूच होता, आणि बाईंचं लक्ष तिकडे गेलं.

"टाळ्या ऐकतो," त्या म्हणाल्या.

"मग राहू द्या," मी म्हटलं.